दंगा हे नाव कोणी दिले?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे बाहेर काढून जाळली. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. घटना एक, पण सांगणारे किती!

सावकार म्हणाले, लूट झाली. दुकाने लुटली गेली, काही घरे पेटली, हे खरेच. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोग म्हणाला, दोष सावकाराचा, साऱ्याचा नाही. सावकारी जाच होताच. पण आयोग सरकारचा, सारा सरकारचा. तो दुसरे काय लिहिणार? अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपली, कापसाचा भाव कोसळला आणि १८६७ पासून फेरआकारणीने सारा वाढला. तो भरायलाच शेतकरी सावकाराच्या ओट्यावर गेला. पुस्तकांत मात्र सरकारी नावच राहिले : ‘दख्खनचे दंगे’.

आणि शेतकऱ्याचे म्हणणे? आयोगापुढे जबान्या झाल्या, त्या इंग्रजी अहवालात गेल्या. त्याला अक्षर येत नव्हते. खतावर तो नांगराची निशाणी करी. त्याची साक्ष आम्ही त्याच्या कृतीत वाचतो. सावकाराने खते मुकाट्याने हाती दिली, तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. माणसांवर हात क्वचितच पडला. जळाला तो कागद. नुसता लुटारू कागद कशाला जाळील?

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने सावकाराच्या दाव्यांना आवर घातला. साऱ्याला हात लावला नाही.