नव्वद मिनिटांचे शिंदे

अंगारकीला टिटवाळ्यात उतरा. महागणपतीच्या देवळाकडे जाताना एखाद्या तरी हारवाल्याच्या गाळ्यावर प्रल्हाद शिंदे लागलेले असतात. या गायक शिंदे घराण्याची आवडती गाणी निवडून नव्वद मिनिटांत बसवायची, जुन्या कॅसेटसारखी, एका बाजूला ४५, असा घाट मी घातला आणि फसलो. एकट्या प्रल्हाददादांनीच (१९३३–२००४) दोन्ही बाजू भरल्या: पंढरीची वाट, सत्यनारायणाची कथा, सुखकर्ता गणपती, भीमगीतं, कव्वाल्या. मग त्यांची मुलं आनंद-मिलिंद कुठे? आनंदरावांचा ‘पोपट’ म्हणजे ते पोपटाचं गाणं गाळलं तर घरात कोणी बोलणार नाही, आणि गणपतीनंतर लगेच लावलं तर आई उठून जाते. आनंदरावांचा मुलगा आदर्श याचं ‘दुनियादारी’मधलं (२०१३) देवाला घातलेलं गाऱ्हाणं हवंच. सालवार क्रम लावणं हा आळशीपणा. मी विठ्ठलाच्या गाण्याला खेटून भीमगीत ठेवलं. कॅसेटच्या दुकानात ही दोन वेगवेगळ्या खणांत असायची, ती दुकानदाराची सोय. गळा एकच, ती खडी, उघडी पट्टी तीच, ढोलकीही तशीच अंगावर येणारी. खरं तर या घराला मंडपातला कर्णाच शोभतो, कानात खुपसलेली बोंडं नव्हेत. पोपट शेवटी दुसऱ्या बाजूच्या टोकाला गेला. कल्याणहून टिटवाळा लोकल धरली की शहाड, आंबिवली करत दोन-तीन गाणी होतात. तेवढ्यात तुमची पहिली तीन कोणती, ते ठरवून ठेवा.