नव्या घराचा ताबा घेताय? आधी हवेची वाट तपासा

राजापुरातल्या जुन्या जांभ्याच्या घरांत दमट हवा कौलांच्या फटींतून आपसूक बाहेर पडे. नव्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये ती सोय नाही. स्प्लिट एसी सहसा खोलीतलीच हवा फिरवतो. मग पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते.

टाइल्स निरखून पाहणारे ग्राहक एक्झॉस्ट पंख्याकडे बघतही नाहीत. तपासणी सोपी आहे:

• पंखा लावून जाळीला टिश्यू पेपर धरा. तो चिकटायला हवा.
• पाइप फॉल्स सीलिंगमध्ये न संपता थेट बाहेर, उतार देऊन काढलेला हवा.
• बंद दाराखाली फट हवी. आत हवा आलीच नाही, तर बाहेर काय जाणार?

रेरा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला कामातील दोष बिल्डरने ३० दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. तरीही सहीआधी तपासलेले बरे.