नावाआधीची अक्षरं

मावशीचे यजमान गेले त्याला तीन महिने झाले होते. तिच्या बँक खात्यावर नॉमिनी म्हणून त्यांचंच नाव होतं, ते बदलायला मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या मुलानं अर्ज पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, इथं 'सौ.' आहे. ते आता काढावं लागेल. श्रीमती लिहा." मावशीनं पेन घेतलं, 'सौ.'वर आडवी रेघ मारली आणि शेजारी बारीक सही केली. खाडाखोड झाली की करतात तशी.

तो मुलगा अदबीनं वागला, त्याला दोष नाही. दोष त्या रकान्याचा आहे. खातं मावशीचं, त्यातला पैसा तिच्या शिक्षिकेच्या पगाराचा, सही तीच. तरी नवरा गेल्याची नोंद तिला स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावापुढे करावी लागली. मावशी आधी गेली असती तर काकांच्या 'श्री.'ला कुणी हात लावला नसता.

या सदरात आपण सरकारी कागदांबद्दल बोलतो. आज त्या कागदावरच्या पहिल्याच रकान्याबद्दल बोलायचं आहे.

पुरुष मोठा झाला की 'श्री.' होतो आणि मरेपर्यंत 'श्री.'च राहतो. लग्न झालं, मोडलं, बायको गेली, तरी त्याची उपाधी त्यातलं काही सांगत नाही. बाईची मात्र कु., सौ., श्रीमती अशी बदलत जाते आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगते: नवरा आहे की नाही. 'श्रीमती' हे खरं तर 'श्रीमान'चं स्त्रीलिंगी रूप. त्यात लग्नाचा संबंध नाही, हिंदीत तर ते विवाहितेलाच लावतात. आपल्याकडे ते विधवेच्या नावाला असं चिकटलं की कार्यालयाच्या पत्रावर 'श्रीमती' दिसलं की कितीतरी बायका दुखावतात. "अहो, माझे यजमान आहेत," असं कळवळून सांगतात. शब्दात वाईट काही नाही. आपण त्याला नवऱ्याच्या असण्या-नसण्याची खूण करून टाकलं आहे.

म्हणूनच नवी उपाधी शोधणं हा उपाय नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सांगितलं. पुढच्याच वर्षी तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्याकडून विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव आला. त्यावर टीका झाली आणि हा निर्णय नाही, चर्चेसाठीचा प्रस्ताव आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला. ती टीका योग्यच होती. कितीही पवित्र शब्द लावला, तरी तो कपाळावरची चिठ्ठीच ठरतो.

नावाच्या रकान्यात चांगला बदलही झाला आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारनं घेतला. त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी जुनी पद्धत कायम आहे: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे एकाच घरात जन्मलेल्या भावंडांपैकी मुलाच्या नावात आई जन्मभर राहील आणि मुलीच्या नावात लग्नापर्यंत. जिच्यासाठी हा निर्णय घेतला, ती आई लेकीच्या लग्नानंतर पुन्हा कागदावरून जाईल.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. तांदूळ पुन्हा डब्यात जातो, पण कागद तसा पुसला जात नाही. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ येते, तेव्हा 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र बहिणीला करावं लागतं, भावाला नाही. मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव नोंदवण्याची मुभा २०२४च्या निर्णयात आहे. ती किती जणींना माहीत आहे?

फॉर्म बदलता येत नाहीत, असं कुणी सांगू नये. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं वडिलांची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे १९९९ साली न्यायालयानं मान्य केलं. पासपोर्टसाठी २०१६पासून आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरतं. आई एकटी मूल वाढवत असेल तर पॅन कार्डच्या अर्जात वडिलांच्या नावाची सक्ती २०१८ साली गेली. त्यामुळे ना सीमा उघडी पडली, ना कर बुडाला.

ओळख पटवायला नवऱ्याचं नाव लागतं, असं काही जण म्हणतात. जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव आणि सही एवढ्यावर पुरुषाची ओळख पटते, बाईचीही पटेल. निराधार योजनेसारख्या ठिकाणी वैवाहिक स्थिती विचारावीच लागते. तिथं ती वेगळ्या रकान्यात, कारण सांगून विचारावी. आणि जिला 'सौ.' लिहिण्यात आनंद आहे, तिनं ते खुशाल लिहावं. तो तिचा हक्क आहे, कारकुनाचा नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. उपाधीचा रकाना ऐच्छिक करा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे त्या स्त्रीला विचारा, गृहीत धरू नका. आणि ज्या कामाला वैवाहिक स्थिती लागत नाही, तिथं ती विचारूच नका.

वाचक भगिनींनो, पुढचा फॉर्म हातात आला की उपाधीचा रकाना कोरा ठेवून पाहा. कुणी हरकत घेतली तर ती कोणत्या नियमानं, हे लेखी मागा आणि मला कळवा. मावशीनं परवा तिचं नवं चेकबुक दाखवलं. छापील नावाआधी 'श्रीमती' आहे. खाली सहीत मात्र नुसतं तिचं नाव आहे, आणि बँक पैसे देते ते ती सही पाहून.