फोटो काढा, पण विचारून

संपादक महोदय,

‘फोंताईन्हासकर इतके तुसडे का?’ हे आपल्या गेल्या अंकातील पत्र वाचले. ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लावणारे आम्ही रहिवासी पर्यटनाच्या मुळावर उठलो आहोत, असा त्याचा सूर आहे. दुसरी बाजूही छापावी.

पणजीतली आमची फोंताईन्हास वस्ती देखणी आहे, याबद्दल दुमत नाही. येथील सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस एकेकाळी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. 1918 मध्ये तो इथे आला. असे काही ऐकल्यावर कुणीही थांबेल. पण थांबणे वेगळे आणि दुसऱ्याच्या पायऱ्यांवर ठाण मांडणे वेगळे. लग्नाआधीच्या फोटोंसाठी नटून आलेली जोडपी दार अडवतात आणि घरच्याच माणसाला ‘काका, जरा बाजूला व्हा’ म्हणून सांगतात!

शिवाय, तुम्ही फोटोत टिपता तो आमच्या घरांचा पिवळा-निळा रंग फुकट येत नाही. पावसाळा सरला की भिंतींवरचे शेवाळ खरवडा, फुटकी कौले बदला, वाशांची वाळवी बघा. खर्च सगळा मालकाचा. त्यात संवर्धन क्षेत्र, म्हणून दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी हवी.

पर्यटक नकोत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावर इथल्या अनेकांची चूल पेटते. पायी फिरा, आवाज बेताचा ठेवा, दारापुढे फोटो काढण्याआधी विचारा. प्रशासनानेही व्यावसायिक चित्रीकरणाच्या वेळा नेमून द्याव्यात आणि त्याच्या शुल्कातून याच घरांची डागडुजी करावी.

— एक रहिवासी, फोंताईन्हास, पणजी