कागद मागा, हिशेब मागा



राघोजी भांगरे आपल्याच जिल्ह्यातला, अकोल्याच्या देवगावचा. सावकाराची वही अन् सरकारचा शिपाई एक झाले, तेव्हा तो उठला. 2 मे 1848 ला त्याला ठाण्यात फाशी दिली. गोरा साहेब गेला. हुकमाची खोड गेली का?

2006 चा वनहक्क कायदा सांगतो : दाव्याची सुरुवात ग्रामसभेनं करायची. पडताळणी पुरी होईस्तोवर कसत्या जमिनीवरून कुणाला हुसकायचं नाही. तरी गार्ड येतो, "वरून ऑर्डर आहे" म्हणतो. कागद मागितला की डोळे वटारतो. राहात्यात जंगल नाही, पण उसात राबणाऱ्या भिल्लालाही हाच दम मिळतो. जिथं कागद मागणं गुन्हा ठरतो, तिथं हुकूमशाही आली समजा.

ती फक्त खाकीत नसते. चार पुढारी ओट्यावर ठराव लिहितात, मागून वही घरोघर फिरते, बाया अंगठा देतात. नियम काय म्हणतो? ग्रामसभेला निम्मं गाव हजर पाहिजे, अन् हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. तसं नसंल तर ती ग्रामसभा नव्हे, दरबार.

साहेबाला कागद मागा. आपल्या पुढाऱ्याला हिशेब मागा. एकीकडं जरी गप्प बसलो, तरी जमीन जाईल अन् जीभही.