विश्लेषण : पाथर्डीवरचा ढग न बरसताच का जातो? थेंबांच्या टकरी मोजणारे संगणकीय गणित काय सांगते?

पावसाने ओढ दिली की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, कर्जत, जामखेड पट्ट्यात दोन मागण्या ठरलेल्या असतात : टँकर आणि कृत्रिम पाऊस. ढग तर दिसतात, मग बरसत का नाहीत? उत्तर ढगातल्या थेंबांच्या टकरीत आहे.

थेंब एकमेकांवर आदळत का नाहीत?

ढगातल्या थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन असते. पावसाचा एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. वाफ साचून थेंब २० मायक्रॉनपर्यंत वाढतो, पुढे ही वाढ फार मंदावते. मग टक्कर होऊन मिसळणे हाच मार्ग उरतो. पण मोठा थेंब खाली येताना त्याच्याभोवतीची हवा लहान थेंबांना बाजूला सारते. सगळे थेंब सारख्याच आकाराचे असतील तर ते सारख्याच वेगाने पडतात आणि कोणी कोणाला गाठत नाही. हवेत धूळ-धूर जास्त असला की नेमके हेच होते : तेवढेच पाणी जास्त कणांवर वाटले जाते आणि थेंब लहानच राहतात. अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला सह्याद्री ओलसर हवा सतत वर ढकलत असतो, तिथे पाण्याची ददात नाही. पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत मात्र मुळात ओलावाच कमी उरतो.

हे गणित आले कुठून?

एका घनसेंटिमीटरमध्ये १०० थेंब धरले, तरी एक घनकिलोमीटर ढगात एकावर सतरा शून्ये इतके थेंब होतात. प्रत्येकाचा माग कोणताही संगणक काढू शकत नाही. विरळ वायूतल्या रेणूंबाबत हीच अडचण होती. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम बर्ड यांनी १९६३ मध्ये त्यावर तोड सुचवली : एक काल्पनिक रेणू असंख्य खऱ्या रेणूंचा प्रतिनिधी मानायचा, जागेचे छोटे कप्पे पाडायचे आणि एकाच कप्प्यातल्या कोणत्या जोड्या आदळतील हे शक्यतेच्या हिशेबाने, सोडत काढल्यासारखे ठरवायचे. वातावरणाच्या विरळ थरांतून परतणाऱ्या अवकाशयानांच्या अभ्यासात ही पद्धत रुळली. २००९ मध्ये जपानच्या शिन-इचिरो शिमा आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीची पद्धत ढगांसाठी मांडली. फरक एवढाच, की रेणू आदळून दूर जातात आणि थेंब एकजीव होतात.

रोजच्या अंदाजात हेच वापरतात का?

नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ महासंगणक आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. पण त्या चौकटीत थेंब मोजले जात नाहीत, सरासरीची सूत्रे वापरली जातात. तेव्हा गावावरचा नेमका कोणता ढग बरसेल, हे त्यातून कळण्याची अपेक्षा ठेवू नये.

कृत्रिम पावसाचे काय?

आयआयटीएमने २०१८ आणि २०१९ मध्ये शेजारच्या सोलापुरात २७६ ढगांवर प्रयोग केला. काही ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही तुलनेसाठी तसेच ठेवले. या कणांवर सुरुवातीलाच मोठे थेंब तयार होतात आणि टकरी लवकर सुरू होतात. वाऱ्याच्या पुढच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत जास्त पडल्याचे आढळले. आकडा दुर्लक्षण्याजोगा नाही, पण तो पाणी असलेल्या, निवडक ढगांचा आहे. कोरड्या आभाळाला तो लागू नाही.

शिवाय विमान उडाले आणि पाऊस पडला, तर तो विमानामुळेच पडला हे कशावरून? संगणकात तोच ढग दोनदा चालवता येतो, एकदा कणांसह आणि एकदा कणांविना. प्रत्यक्ष आभाळात ही सोय नाही. मात्र हे गणितही एका गोष्टीवर अडते : ढगातल्या घुसळणीत टकरींचे प्रमाण किती वाढते, याचे पक्के मोजमाप हवे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या दोन हजार कोटींच्या ‘मिशन मौसम’मध्ये पुण्यात मेघकक्ष उभारण्याची तरतूद आहे. बंद कक्षात ढग तयार करून थेंबांची वाढ तिथे प्रत्यक्ष मोजता येईल.