पोळ्याचे उरलेले अन्न



तोडलेला ऊस वावरात पडून राहिला की वजन घटते, रस आंबतो, उतारा जातो. हे आपणांस कारखान्याच्या शेतकी विभागाने सांगावे लागत नाही. तोच हिशेब पोळ्याच्या दिवशी घरच्या चुलीला आपण का लावत नाही, हा माझा सवाल आहे.

आमच्या फुलसावंगीकडे पोळ्याला कास्तकाराच्या घरी पुरणपोळी, भात, कढी, वडे असा बेत. कमी पडू नये म्हणून सगळं दुपटीनं शिजतं. हवा पावसाळी, दमट. भाताचा गंज झाकण लावून रात्रभर चुलीपाशी राहतो आणि सकाळी वास आला नाही की आपण म्हणतो, चांगला आहे. इथेच फसगत होते. तांदळासोबत मातीतल्या जंतूंची बीजे येतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की जंतू वाढतात व विष सोडतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही, मग फोडणीने काय जाणार?

म्हणून जेवणे आटोपताच उरलेला भात परातीत पातळ पसरून निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावा. अख्खा गरम गंज आत सारला तर मधला भात बराच वेळ कोमटच राहतो. फ्रिज नसेल, किंवा रात्रभर लाईन नसेल, तर तो भात सकाळी खाऊ नये. गुळामुळे पुरण टिकते हा समजही अर्धाच खरा. गूळ टिकतो तो पाणी आटवलेले असते म्हणून. पुरणात डाळीचे पाणी असते. त्यामानाने तव्यावर भाजलेली साधी पोळी सकाळपर्यंत चांगली राहते. तिचा कुस्करा खुशाल करावा. (आणि कढी बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये, ती कळकते.)

पण शिळं कोणाच्या वाट्याला येतं? घरच्या बायांच्या आणि सालदाराच्या. पोळ्याच्या संध्याकाळी बोजारा देताना आपला हात मोठा, अन् दुसऱ्या सकाळी त्याच सालदाराच्या डब्यात रात्रीचा भात! मला हे पटत नाही. द्यायचे तर त्याच दिवशी, गरम असताना द्यावे.

उरलेले ढोरांपुढे टाकणे, हा तर सर्वांत महागाचा प्रकार. मी स्वतः केला आहे. बैलाचाच सण, म्हणून टोपलंभर भात नि पुरण गव्हाणीत टाकलं. संध्याकाळपर्यंत एका बैलाची रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, दात खात बसलेला. शिजलेले धान्य व गोड एकदम पोटात गेल्याने तिथे आम्ल तयार होते, असे डॉक्टरांनी सांगितले. वेळेत इलाज झाला म्हणून बैल वाचला, पण आठ दिवस औताला लागला नाही. तेव्हापासून नैवेद्याची एक पोळी, बाकी कडबा नि हिरवा चारा. आंबलेले अन्न शेणखताच्या खड्ड्यात टाकून वर माती लोटतो.

गेल्या पोळ्याला आमच्या घरी तांदूळ माणसं मोजून घेतले. पाहुणे वाढलेच, तर दुसरा गंज चढवायला अर्धा तास पुरतो.